ढसाळ वाचायचेत तर सुरुवात कुठून करायची

नामदेव ढसाळांचं पहिलं कवितेचं पुस्तक 'गोलपिठा' हातात घेतलंत आणि दहा-बारा पानांत अडकलात तर पुस्तक परत करू नका, हे आधीच सांगते. मी केलं होतं. कॉलेजात असताना लायब्ररीतून आणलं, रात्री सगळे झोपल्यावर मनातल्या मनात वाचायला बसले, निम्मे शब्द कळले नाहीत, जे कळले ते घरात कुणाला दिसू नयेत म्हणून पुस्तक उशीखाली सारलं आणि सकाळी जाऊन देऊन टाकलं. पुन्हा हातात घ्यायला सहा वर्षं गेली. आता डोंबिवलीत आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा जमतो, गेल्या वर्षी पावसाळाभर फक्त नामदेव ढसाळच वाचले, आणि त्यात जे हाताला लागलं ते लिहून ठेवतेय. कारण नवीन वाचणारी मुलं सारखी विचारतात की ढसाळ वाचायचेत पण कुठून सुरू करू, आणि बहुतेकदा त्यांच्या हातात पडतं काय तर एक फोटो, फॉरवर्ड केलेल्या दोन ओळी आणि 'विद्रोही कवी' हा शिक्का. त्या शिक्क्यानं काही कळत नाही, उलट वाचायचं राहून जातं.

तर पहिलं म्हणजे मोठ्यानं वाचा. दार लावून वाचा हवं तर, पण आवाज काढून वाचा. ढसाळांची ओळ डोळ्यांनी वाचली की नुसती शब्दांची गर्दी दिसते, तोंडानं वाचली की कळतं ही गर्दी श्वासावर रचलेली आहे, एकामागून एक वस्तू, माणसं, वास, शिव्या येत राहतात आणि श्वास संपतो तिथे ओळ वळते. फक्त एक करू नका, घोषणा देत वाचू नका. स्टेजवर बरेच जण तसं वाचतात, मूठ आवळून, प्रत्येक ओळ शेवटी वर नेऊन, आणि मग कवितेतलं सगळं बारीक काम, त्यातलं हळवेपण, मध्येच येणारा एखादा अगदी जुन्या अभंगासारखा शब्द, सगळं त्या आवाजात बुडून जातं. शेजारी बसलेल्या माणसाला काहीतरी सांगताय असं वाचा. आणि शिव्या गिळू नका. आमच्यात एक काकू आहेत, पहिल्या बैठकीला त्यांनी असे शब्द आले की नुसतं 'अमुक' म्हणून पुढे जायचं ठरवलं होतं, अर्ध्या पानातच थांबल्या, म्हणाल्या असं वाचलं की कविता तुटतेय, मी पहिल्यापासून घेऊ का, आणि सगळी जशीच्या तशी वाचली. तिथून पुढे आमच्याकडे कुणी शब्द गाळले नाहीत.

सुरुवातीला 'माणसाने' ही कविता घ्या, 'गोलपिठा'तलीच आहे. ती अख्खी वाचा, एका बैठकीत, मध्ये न थांबता, आणि अर्धवट सोडलीत तर नक्की गैरसमज होणार हे लक्षात ठेवा. पहिला मोठा भाग नुसता विध्वंसाचा आहे, माणसानं काय काय करावं त्याची यादी, नशा, लुटालूट, जाळपोळ, जे जे पवित्र समजलं जातं त्या सगळ्याला शिव्या, वाचताना आपल्यालाच घाम फुटतो. आणि मग शेवटाकडे कविता वळते, जे उरतील त्यांनी कुणाला गुलाम करू नये, कुणाला उच्च-नीच म्हणू नये, आभाळाला आजोबा आणि जमिनीला आजी मानून त्यांच्या मांडीवर राहावं, मिळेल तो दाणा वाटून खावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो हा शेवटचा तुकडा, गोड आहे म्हणून. पण वरची आग वाचल्याशिवाय तो शेवट कमावलेला नसतो हो. नुसता शेवट फॉरवर्ड करणारे आणि नुसती शिवी बघून पुस्तक मिटणारे, दोघांनीही अर्धीच कविता वाचलेली असते.

आता शब्द. शब्द कळत नाहीत म्हणून अडणारे तुम्ही पहिले नाही. 1972 मध्ये 'गोलपिठा' आलं तेव्हा प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली, आणि लिहिण्याआधी ते ढसाळांना घेऊन कामाठीपुरा-गोलपिठा ह्या मुंबईतल्या वेश्यावस्तीत फिरले, त्या प्रस्तावनेत त्यांनी सरळ कबूल केलंय की यातले कितीतरी शब्द मला माहीत नव्हते, विचारून घ्यावे लागले. तेंडुलकरांसारखा मुंबईत राहणारा, भाषेवर आयुष्य घालवलेला माणूस जर विचारतो तर आपण विचारायला काय हरकत आहे. एक वही करा. मी चार कप्पे केले होते. एकात मुंबईचं हिंदी-उर्दू. दुसऱ्यात धंद्याच्या, दारूच्या, मटक्याच्या, खाटकाच्या दुकानाच्या गोष्टी. तिसऱ्यात गावाकडचे शब्द, आणि चौथ्यात पुस्तकी, संस्कृत वळणाचे शब्द, जे ढसाळांकडे भरपूर आहेत आणि लोकांच्या लक्षातच येत नाहीत. एकाच ओळीत चारही कप्प्यांतले शब्द सापडतात, आणि ते सापडले की समजतं की हा माणूस 'रस्त्यावरची भाषा' नुसती उचलून ठेवत नव्हता, त्याच्याकडे सगळी मराठी होती आणि ती त्यानं एका ताटात वाढली. शब्द अडला तर शब्दकोशाआधी माणसांना विचारा, जुने टॅक्सीवाले, गिरणीत काम केलेले, भायखळ्या-नागपाड्याला वाढलेले. आमच्या एका मैत्रिणीच्या सासऱ्यांनी फोनवर अर्ध्या तासात अकरा शब्द सोडवून दिले आणि वर दोन स्वतःचे घातले.

गावाकडच्या कप्प्याला कमी लेखू नका बरं का. ढसाळ म्हटलं की सगळे लगेच कामाठीपुऱ्यात जातात, पण जन्म 15 फेब्रुवारी 1949 चा, पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या पूर गावचा, महार कुटुंबातला. लहानपणीच मुंबईला आले, वडील खाटकाकडे कामाला होते. ढसाळांची एक कादंबरी आहे 'हाडकी हाडवळा', नावच बघा, महारांना गावकीच्या कामाच्या बदल्यात इनाम म्हणून मिळालेली जमीन म्हणजे हाडकी-हाडवळा, आणि त्या तुकड्याच्या बदल्यात अख्ख्या गावाची राबणूक. बाबासाहेबांनी ह्या महार वतनाविरुद्ध 1928 मध्येच मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं होतं, प्रत्यक्षात वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं. हे माहीत असलं की शहरातल्या कवितांमध्ये मध्येच जमीन, गावकुस, पाणवठा का येतो ते कोणी समजावून सांगावं लागत नाही.

यानंतर तारखांचा एक कागद करा, आणि हे काम टाळू नका, कारण ढसाळांची कविता तारखांशिवाय वाचणं म्हणजे पेपरची बातमी तारीख फाडून वाचणं. डावीकडे पुस्तकं, उजवीकडे बाहेर काय चाललं होतं. 1956, धर्मांतर आणि दोन महिन्यांच्या आत बाबासाहेबांचं जाणं, तेव्हा हा पोरगा सात वर्षांचा. 1957 ला रिपब्लिकन पक्ष आणि मग त्याची फाटाफूट. 1970 मध्ये अस्पृश्यतेवरचा इळयापेरुमाळ समितीचा अहवाल संसदेत आला, देशभरातल्या अत्याचारांच्या नोंदी असलेला. 1972 मध्ये दुष्काळ, पुणे जिल्ह्यातल्या बावड्याला दलितांवर गावानं बहिष्कार टाकलेला, परभणीकडे ब्राह्मणगावात दलित बायकांची विटंबना झालेली. आणि ह्याच 1972 मध्ये, तेविशीच्या टॅक्सी चालवणाऱ्या ह्या पोराचं 'गोलपिठा' आलं, आणि ह्याच वर्षी त्यानं राजा ढाले, ज. वि. पवार वगैरे मित्रांबरोबर दलित पँथर ही लढाऊ संघटना काढली, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेऊन. 15 ऑगस्टला स्वातंत्र्याला 25 वर्षं झाली म्हणून सगळीकडे सोहळे, आणि 'साधना' साप्ताहिकाच्या अंकात राजा ढालेंचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख, त्यावरून केवढा गदारोळ.

हे सगळं एका ओळीत बघा. एकच वर्ष. मला वाटतं ढसाळ समजायचे असतील तर ह्या एका वर्षावर बोट ठेवून बसायला हवं, कारण बरेच जण 'कवी ढसाळ' आणि 'पँथर ढसाळ' अशी दोन माणसं करून ठेवतात, साहित्यवाल्यांना पहिला हवा असतो, चळवळवाल्यांना दुसरा, आणि मग पहिल्याच्या कवितेचं राजकारण तळटीपेत जातं आणि दुसऱ्याची कविता सभेच्या सुरुवातीला दोन मिनिटं म्हणण्यापुरती उरते. कागदावर तारीख लिहिलीत की दिसतं की ती एकच कृती होती. ज्या माणसांना मराठी कवितेत जागा नव्हती त्यांना आत आणणं आणि ज्यांना गावात पाणी नव्हतं त्यांच्यासाठी मोर्चा काढणं, दोन्ही एकाच हातानं, एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात.

1973 चा पँथरचा जाहीरनामा मिळवून वाचा, लहान आहे. त्यात 'दलित' कोण याचं उत्तर आहे, अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, धर्माच्या नावानं आणि पैशानं पिळले जाणारे सगळे. ही व्याख्या ढसाळांची म्हणून ओळखली जाते आणि तिच्यावरूनच भांडण झालं, ढाले वगैरेंना वाटलं हे मार्क्सवादाकडे चाललंय, आंबेडकर-बुद्ध बाजूला पडतायत, आणि 1974 मध्ये संघटना फुटली. त्याच वर्षी जानेवारीत वरळीला बीडीडी चाळीत पँथरची सभा, मग दंगल, शिवसेनेशी आमनेसामने, 10 जानेवारीला मोर्चावर वरून टाकलेल्या पाट्यानं भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता गेला. निमित्त होतं मुंबईतल्या पोटनिवडणुकीवर बहिष्काराचं, आणि त्या निवडणुकीत काँग्रेस हरली, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. ही व्याख्या आणि हे रक्त दोन्ही डोक्यात ठेवून मग पुढचे संग्रह उघडा.

पुढचे कुठले? सगळे एकदम घेऊ नका. 'गोलपिठा' झाल्यावर 1975 चं 'मूर्ख म्हाताऱ्याने डोंगर हलविले' घ्या, हे नाव माओनं सांगितलेल्या जुन्या चिनी गोष्टीवरून आलंय, दारासमोरचा डोंगर कुदळीनं खणणारा म्हातारा, आपण मेलो तर मुलं खणतील, मग नातवंडं. जाहीरनामा वाचलेला असला की हे नाव का ते कळतं. मग 1981 चं 'तुही यत्ता कंची', शीर्षक मोठ्यानं म्हणून बघा, तुझी इयत्ता कोणती, शाळेतल्या पोराचा प्रश्न आणि अख्ख्या समाजव्यवस्थेला विचारलेला प्रश्न. 'खेळ' 1983 चा, 'गांडू बगीचा' 1986 चा, दुकानात नाव घ्यायला अडखळू नका, पुस्तकाचं नाव आहे ते. 'या सत्तेत जीव रमत नाही' 1995 चं. माझं मत विचाराल तर पहिले तीन नीट वाचले तरी खूप झालं, बाकीचे सावकाश. कवी दिलीप चित्र्यांनी केलेलं ढसाळांच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर 2007 मध्ये पुस्तकरूपानं आलंय, मराठी येत असेल तरी ते शेजारी ठेवा, एखादी ओळ दहा वेळा वाचून कळली नाही की चित्र्यांनी तिचं काय केलंय ते बघून दिवा लागतो, शिवाय दोघे लिटल मॅगझिनच्या, म्हणजे कवींनी स्वतःच काढलेल्या छोट्या अनियतकालिकांच्या, काळापासूनचे दोस्त, त्यामुळे भाषांतराबरोबरचं लिखाणही आतून लिहिलेलं आहे.

आता अवघड भाग, आणि इथे कृपा करून पळवाट काढू नका. तुमच्या तारखांच्या कागदावर 1975-77 आणीबाणी येणार, आणि तिथे ढसाळांनी इंदिरा गांधींची बाजू घेतली, 1976 मध्ये 'प्रियदर्शिनी' ही दीर्घ कविता लिहिली. पुढे, ज्या शिवसेनेशी वरळीत डोकी फुटली होती तिच्या 'सामना'त सदर लिहिलं, शिवशक्ती-भीमशक्तीच्या, म्हणजे शिवसेना आणि आंबेडकरी लोकांनी एकत्र येण्याच्या, बाजूनं उभे राहिले. आमच्या ग्रुपमध्ये ह्या बैठकीला आवाज चढले. एकानं म्हटलं विकला गेला, दुसऱ्यानं म्हटलं पँथरच्या पोरांवर ढिगानं केसेस होत्या, आजारपण होतं, पैसा नव्हता, तुम्ही त्या जागी असता तर. दोन्ही वाक्यं मला पुरी वाटली नाहीत. मग आम्ही एक केलं, ते तुम्हालाही सुचवते. त्या काळातली एक कविता आणि 'गोलपिठा'तली एक कविता लागोपाठ वाचली, कुणी काही बोलायचं नाही, आणि मग विचारलं की भाषेत काय बदललं, कुणाशी बोलतोय हा माणूस, वर बघून बोलतोय की शेजारी बघून. चर्चा माणसाच्या चारित्र्यावरून उठून कवितेवर आली आणि राजकारण सुटलंही नाही. मला स्वतःला आणीबाणीचा पाठिंबा चूक वाटतो, स्पष्ट चूक, आणि ते मी बैठकीत बोलले. पण ती पानं फाडून जयंती-पुण्यतिथीसाठी एक स्वच्छ ढसाळ तयार करणं ही त्याहून मोठी चूक आहे, ज्या माणसानं मराठी कवितेला धुतलेले कपडे घालून बसायचं सोडायला लावलं त्यालाच आपण इस्त्री करणार का.

मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' सुद्धा वाचायचं आहे, आणि शेवटी परिशिष्टासारखं नाही, मध्येच, 'तुही यत्ता कंची'च्या नंतर लगेच. 1984 चं आत्मकथन. मलिका म्हणजे शाहीर अमर शेखांची मुलगी, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ज्यांचा आवाज गाजला ते, स्वतः कवयित्री, कोवळ्या वयात ढसाळांशी लग्न केलेली. नवरा जगाच्या शोषितांसाठी लढतोय आणि घरात ती मारहाण, आजार, एकटेपणा सोसतेय, हे तिनं काही न झाकता लिहिलंय. आमच्यातल्या दोघी-तिघींनी म्हटलं की हे वाचल्यावर मला ढसाळ पुढे वाचायचेच नाहीत, आणि मी त्यांना आग्रह केला नाही, कुणी करूही नये. जाहीरनाम्यातल्या दलितांच्या यादीत स्त्रिया होत्या हे आठवून ते आत्मकथन वाचलं की प्रश्न फार टोकदार होतो. आणि मलिकांना फक्त 'ढसाळांची बायको' म्हणून वाचू नका, त्यांच्या स्वतःच्या कवितांसाठी एक बैठक वेगळी ठेवा, आम्ही ठेवली आणि ती सगळ्यात लांबली.

जमलं तर एकदा पायी फिरून या. ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं, फॉकलंड रोड म्हणजे आताचा पठ्ठे बापूराव मार्ग, पिला हाऊस, तिथून कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या. पिला हाऊस म्हणजे मूळ प्ले हाऊस, नाटकांची थिएटरं होती म्हणून. आणि रस्त्याचं नाव बघा, पठ्ठे बापूराव म्हणजे मूळचे कुलकर्णी, ब्राह्मण घर सोडून तमाशात गेलेले आणि महार समाजातल्या पवळाबरोबर फड गाजवलेले शाहीर, ढसाळांच्या वस्तीच्या रस्त्याला ते नाव असणं मला फार बरोबर वाटतं. सकाळी जा, दोघं-तिघं जा, सातजण घोळका करून जाऊ नका. फोटो काढू नका, माणसांचे तर अजिबात नाही, दारात उभ्या बायका म्हणजे तुमच्या कवितेचा देखावा नाहीत. मोबाईल खिशात, एखाद्या हॉटेलात चहा घ्या, कानांनी ऐका. आता तिथे बरंच बदललंय, धंदा खूप कमी झालाय, छोटे कारखाने, गोडाऊन आलेत, जुन्या इमारती पाडून टॉवर उभारायचे प्लॅन आहेत, त्यामुळे 1972 शोधायला जाऊ नका. मी गेले ते एका गोष्टीसाठी, दोन घरांमधलं अंतर किती आहे ते बघायला. ते बघितलं आणि त्या कवितांमध्ये सगळं एकमेकांना इतकं चिकटून का येतं ते अंगावर कळलं.

पुढे काय झालं त्याचा शोध घ्यायचा असेल तर पुरस्कारांवर फार वेळ घालवू नका, 1999 ला पद्मश्री, 2004 ला साहित्य अकादमीचा जीवनगौरव, 2001 ला बर्लिनच्या साहित्य महोत्सवात वाचन, एवढं कागदावर लिहा आणि पुढे जा. त्यापेक्षा पँथर हा शब्द कुठे कुठे पोचला ते बघा. मुंबईतली मूळ संघटना 1977 मध्ये बरखास्त केल्याचं जाहीर झालं, पण वेगवेगळ्या गटांनी ते नाव पुढे नेलं, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी 1978 पासून 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंत जी माणसं झगडली त्यात पँथर होते, आणि तमिळनाडूत तर दलित पँथरच्या शाखेतूनच आजचा विडुदलै चिरुतैगळ कच्ची हा पक्ष उभा राहिला, चिरुतै म्हणजे तमिळमध्ये बिबट्या-वाघाच्या जातीतलंच जनावर. कामाठीपुऱ्यातल्या चार पोरांच्या गप्पांतला शब्द मदुराईपर्यंत गेला.

बैठक घेणार असाल तर एवढं करा. दर वेळी तीनच कविता, प्रत्येक दोनदा, वेगवेगळ्या माणसांनी वाचायच्या. पहिल्या वाचनानंतर पाच मिनिटं कुणी मत द्यायचं नाही, फक्त न कळलेले शब्द विचारायचे. जातीबद्दल बोलताना ज्यांना हे वाचून कळतंय त्यांनी आधी ऐकायचं, ज्यांनी भोगलंय त्यांना बोलायचं असेल तर त्यांनी बोलायचं, आणि नसेल तर 'तुझा अनुभव सांग ना' म्हणून कुणाच्या मागे लागायचं नाही, ही चूक आमच्याकडे पहिल्याच महिन्यात झाली आणि एक चांगला वाचणारा मुलगा पुन्हा आला नाही.

पुस्तकं जिल्हा वाचनालयांत आणि जुन्या ग्रंथालयांत मिळतात, नाही दिसलं तर काउंटरवर नाव सांगून विचारा. 15 जानेवारी 2014 ला ढसाळ गेले, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यतिथी आणि जयंती लागोपाठ येतात, त्या महिन्यात मुंबईत ठिकठिकाणी कार्यक्रम असतात, पुस्तकांचे स्टॉलही लागतात. तिथे 'गोलपिठा' दिसलं तर घ्या, आणि तिथेच उभं राहून पहिलं पान मोठ्यानं वाचा, स्टॉलवाल्याला चालतं, मी विचारून बघितलंय.